असोद्याचा बिबट्या-सदृश प्राणी

कोणताही वन्यप्राणी स्वतःची ओळख स्वतः देत नाही. त्याच्या गळ्यात ओळखपत्र नसतं, आधार क्रमांक नसतो, आणि नाव विचारलं तर तो एक तर निघून जातो किंवा अंगावर येतो. या दोन्ही गोष्टी शासकीय कामात अडथळा या सदरात मोडतात. म्हणून प्राणी ओळखायचं काम प्राण्यावर, किंवा तो ज्यांच्या अंगावर येतो त्यांच्यावर न सोडता आमच्या कक्षाकडे दिलेलं आहे. हा निर्णय ज्याने घेतला त्याचं कौतुक करावं तितकं थोडंच.

आमचा कक्ष म्हणजे वन्यप्राणी ओळख व निश्चिती कक्ष. जळगावात एका दुमजली इमारतीत, वरच्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. (उजव्या हाताला स्वच्छतागृह आहे. बरेच अर्जदार आधी तिकडे शिरतात आणि मग आमच्याकडे येऊनही त्यांना फारसा फरक जाणवत नाही.) कक्षात माणसं तीन. प्रमुख शालिग्राम साहेब, शिपाई झुलाल, आणि नोंदवही सांभाळणारा मी. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. नावाने हाक मारायची वेळ कुणावर येत नाही, आणि ते सोयीचंच आहे.

कक्षाचा सगळा डोलारा एका तक्त्यावर उभा आहे. तो साहेबांच्या खुर्चीमागे, काचेच्या चौकटीत, हार घालता येईल इतक्या उंचीवर लावला आहे. त्यात प्रत्येक प्राण्यापुढे दोन रकाने आहेत: रूप आणि अधिवास. म्हणजे दिसतो कसा आणि राहतो कुठे. नमुन्यादाखल थोडं देतो:

तरस – रूप: पाठ मागे उतरती, अंगावर पट्टे. अधिवास: माळरान, खडकांच्या कपारी.

बिबट्या – रूप: पिवळसर अंग, काळे ठिपके, लांब शेपूट. अधिवास: घनदाट जंगल, डोंगरउतार.

पाणमांजर – रूप: अंग ओलं, डोकं चपटं. अधिवास: पाणी.

नियम साधा आहे. दोन्ही रकाने जुळले तर प्राणी निश्चित. एकच जुळला तर तो प्राणी ‘सदृश’. एकही जुळला नाही तर अर्जदाराचा गैरसमज. गेल्या तीन वर्षांत कक्षाकडे बिबट्या दिसल्याचे दोनशे चौदा अर्ज आले. त्यांपैकी बिबट्या-सदृश एकशे एकतीस, मोठा बोका चव्वेचाळीस, गैरसमज अडतीस, आणि एका अर्जातला प्राणी अर्जदाराचा मेहुणा निघाला. (तो ठिपक्यांची चादर पांघरून शेतात बसला होता. का, ते घरगुती होतं, आम्ही खोलात गेलो नाही.) निव्वळ बिबट्या: शून्य. इतका स्वच्छ आकडा दुसऱ्या कुठल्या कार्यालयाने दाखवावा.

आता बाहेरगावच्या वाचकांना प्रश्न पडेल की एकशे एकतीस जणांना ठिपके दिसले, शेपूट दिसली, तरी बिबट्या एकही कसा नाही. कारण केळी. आमच्या भागात जिकडे बघाल तिकडे केळीच्या बागा, आणि तक्त्यात केळीची बाग हा अधिवासच नाही. तक्ता कुठल्यातरी थंड हवेच्या गावी बसून तयार झाला असावा. शालिग्राम साहेबांचं म्हणणं असं की केळी हे फळ आहे आणि फळात कोणी राहत नाही. (अळी राहते, पण ती सस्तन नव्हे.) ज्याने भरल्या बागेत भर दुपारी पाऊल टाकलंय त्याला ठाऊक आहे की आत गार सावली असते, ठिबकचं पाणी असतं, वाळलेली पानं लोंबत असतात आणि दोन हातांपलीकडचं काही दिसत नाही. बिबट्याला मुद्दाम घर बांधून द्यायचं ठरवलं असतं तरी याहून बरं जमलं नसतं. पण ही माझी खासगी माहिती झाली, नोंदवहीत तिला जागा नाही.

दोनशे चौदावा अर्ज पार्वताबाईंचा. या असोद्याच्या. वय साठीला टेकलेलं, बुद्धविहाराच्या मागे घर, बारा बायांच्या टोळीच्या मुकादम. सकाळी उजाडताच बागेत शिरायचं, बुंध्याशी फुटलेले कोंब कापायचे, वाळली पानं उतरवायची, हे त्यांचं काम. अर्जात लिहिलं होतं की बागेत बिबट्या आहे, त्याने दोन शेळ्या नेल्या, वस्तीवरचं कुत्रं नेलं, आता पाळी बायांची आहे, तरी पिंजरा लावावा. मागणी एवढीच. बाईंनी भरपाई मागितली नाही, बागेतलं काम सोडून घरी बसायची सोय मागितली नाही. त्यांना बारा बाया सकाळी नेल्या तशा संध्याकाळी घरी आणायच्या होत्या.

पिंजरा ही वस्तू आमच्याकडे आहे. एकच आहे, नवा आहे, आणि तो बिबट्या निश्चित झाल्यावरच बाहेर काढायचा असल्यामुळे आजतागायत नवाच आहे. त्यात झुलाल जुन्या फायली ठेवतो.

नियमाप्रमाणे आम्ही स्थळपाहणीला गेलो. ओल्या मातीत ठसा होता. मी पट्टी लावून मोजला, झुलालने त्यावर टोपलं झाकलं. साहेब म्हणाले, ठसा बिबट्यासारखा आहे खरा, पण तो केळीत उमटलाय, जंगलात उमटला असता तर विचार करता आला असता. मग साक्षी झाल्या. पार्वताबाईंची साक्ष बाद झाली, कारण त्या प्राण्याच्या फार जवळ होत्या आणि इतक्या जवळच्या माणसाकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करता येत नाही. दुसरा साक्षीदार होता चांद.

चांद नशिराबादचा. वय छत्तीस, हमरस्त्याला लागून वेल्डिंगचं दुकान, दाढी राखलेली, आईचं नाव सुगराबी, डाव्या अंगठ्यावर लहानपणी पतंगाच्या मांजाने कापल्याची खूण. (यातली काही माहिती अर्जात नव्हती.) तो एका बागेला लोखंडी फाटक बसवायला असोद्याला आला होता, तेव्हा प्राणी त्याच्यासमोरून चार पावलांवरून गेला. चांदची साक्ष म्हणजे मापांची यादीच होती. अंग साडेचार फूट, शेपूट निराळी तीन फूट, वजन पन्नास किलोच्या घरात, उजव्या कानाला खाच, चालताना आवाज शून्य. आयुष्यभर लोखंड मोजलेला माणूस तो, घाबरला तरी मोजायचं विसरला नाही.

साहेबांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, मग थोडा वेळ त्याच्या दाढीकडे पाहिलं आणि मला लिहायला सांगितलं: साक्षीदार नशिराबादचा, आढळला असोद्यात, अधिवास जुळत नाही, साक्ष बाजूला ठेवावी. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

तरी कक्ष घाईने निर्णय घेत नाही. आम्ही कॅमेरा लावला. कॅमेरा प्राण्याच्या अधिवासातच लावायचा असा नियम असल्यामुळे तो असोद्याला न लावता चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या उतारावर एका सागाला बांधला. पंधरा दिवसांत त्यात तीन रोही (म्हणजे नीलगायी), एक सरपण नेणारी बाई, आणि दोन वेळा झुलाल (बॅटरी बदलताना) टिपले गेले. झुलालची पाठ उतरती असल्याने पहिल्या फेरीत त्याची नोंद तरस-सदृश अशी झाली, ती त्याने हरकत घेतल्यावर वगळण्यात आली. बिबट्या एकाही फोटोत नव्हता. यावरून असोद्यात बिबट्या नाही हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालं.

झुलाल मूळचा धुळ्याकडचा, बोलायला फटकळ. त्या दिवशी चहा ठेवता ठेवता तो म्हणाला, “साहेब, बठ्ठा गावले माहीत शे का तो बिबट्याच शे. आपलेच माहीत नही.” साहेबांनी त्याला समजावलं की गावाला माहीत असणं आणि निश्चित होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, नाहीतर कक्षाची गरज काय होती. हा मुद्दा बिनतोड होता.

पार्वताबाईंना निकाल कळवला: प्राणी बिबट्या-सदृश, पिंजरा नामंजूर, फलक मंजूर. फलक आम्ही दुसऱ्याच दिवशी बागेच्या तोंडाशी रोवला. ‘सावधान. पुढे सदृश प्राण्याचा वावर आहे.’ चार दिवसांनी त्या फलकाच्या खांबावर मोठमोठे ओरखडे उमटले. आम्ही त्यांची सदृश ओरखडे अशी नोंद घेतली. पार्वताबाई निकालाचा कागद घेऊन कक्षात आल्या आणि साहेबांसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या बोलीत ओळखण्याला वयखणं म्हणतात. त्या म्हणाल्या, “सायेब, त्यानं मले वयखलं. रोज कोणत्या वाटेनं येते, हे त्याले माहीत हाये. तुमी त्याले कधी वयखसान?” साहेबांनी त्यांना अपिलाची मुदत सांगितली.

बाई मग चांदकडे गेल्या. सुगराबी आणि त्या तरुणपणी एकाच बागेत घड वाहायच्या, तेवढी ओळख पुरेशी होती. (कुठल्या तक्त्यावर ही ओळख बसते, ते मला सापडलं नाही.) चांदने दुकानातलं निम्मं काम बाजूला सारलं आणि पाच दिवसांत पिंजरा केला. त्याच्या मापाने: साडेचार फूट अधिक तीन फूट शेपूट अधिक वळायला जागा. दार वरून पडणारं, आवाज होऊ नये म्हणून त्याला रबर लावलेलं. शुक्रवारी नमाज आटोपून, डोक्यावरची टोपी तशीच ठेवून, तो पिंजरा टेम्पोत चढवून असोद्याकडे निघाला. दुपारचे साडेतीन वाजले असतील.

इथे मला आमच्या भागातल्या जागरूक नागरिकांचं मनापासून अभिनंदन करायचं आहे. ज्या कामाला आमच्या कक्षाला पाहणी, पट्टी, टोपलं, कॅमेरा आणि दोन महिने लागतात, ते काम रस्त्याकडेला चहा पीत बसलेल्या सहा तरुणांनी दीड मिनिटात केलं. त्यांच्याकडे तक्ता नव्हता. त्यांनी टेम्पो थांबवला, दाढी पाहिली, टोपी पाहिली, गाव विचारलं. रूप जुळलं, अधिवास जुळला. माणूस निश्चित. पिंजरा कशासाठी विचारल्यावर चांदने खरं ते सांगितलं, बिबट्यासाठी. मग तर काही उरलंच नाही. वन्यप्राण्यांचा तस्कर रंगेहाथ सापडला. दोघातिघांनी हाताने खातरजमा करून घेतली, त्यात चांदचे पुढचे दोन दात गेले, आणि तिथून त्याला चौकीवर नेलं.

चौकीत पंचनामा झाला. तो मी नंतर वाचला आणि इतका नेमका कागद मी नोकरीत पाहिलेला नाही. त्यात लिहिलं होतं: ‘सदर इसम हा असोदा शिवारातील केळीच्या बागेत वास्तव्यास असलेला बिबट्या पकडून त्याची तस्करी करण्याच्या उद्देशाने पिंजरा घेऊन जाताना मिळून आला.’ बिबट्या. नुसता, सदृश न लावता. केळीच्या बागेत, वास्तव्यास. दोनशे चौदा अर्जांत जो प्राणी जिल्ह्यात नव्हता, तो चांदला पकडायची गरज पडताच एका ओळीत निश्चित झाला.

चांदने चौकीत सांगितलं की मी तस्कर नाही, ओळख कक्षात चौकशी करा, तिथले भाऊसाहेब मला लहानपणापासून ओळखतात. हवालदार भला माणूस, त्याने फोन केला. फोन मी उचलला. साहेब समोरच बसले होते आणि हातातला चहा तसाच धरून माझ्याकडे बघत होते. हवालदार म्हणाला, “हा म्हणतो तुम्ही त्याला ओळखता. खरं का?”

मी म्हणालो, “फोनवर ओळख पटवता येत नाही. पाहावं लागेल.”

उत्तर नियमाला धरून होतं. फोनवर रूप दिसत नाही. पाहायला मात्र मी गेलो नाही. साहेबांनी विचारलं कोण होतं, तर म्हणालो चुकीचा नंबर. त्यांनी चहा प्यायला आणि आम्ही पुढची फाईल घेतली.

चांद तीन दिवस आत होता. पिंजरा मुद्देमाल म्हणून चौकीच्या अंगणात राहिला, अजूनही आहे, त्यावर रुमाल-बनियन वाळत घालतात. चौथ्या दिवशी, सोमवारी, सकाळी सातला पार्वताबाई टोळी घेऊन बागेत शिरल्या. स्वतः पुढे, बाया मागे, असं त्या नेहमीच करायच्या. प्राणी डाव्या बाजूने आला. बायांनी कोयते आपटून, ओरडून त्याला हुसकावलं म्हणून पार्वताबाईंचा जीव वाचला. उजवा हात कोपराखाली काढावा लागला. मागच्या बाराही जणी त्या दिवशी संध्याकाळी घरी पोचल्या.

दोनच दिवसांनी प्राणी त्याच शिवारातल्या उघड्या विहिरीत पडला. गाव जमलं, आम्हीही गेलो. उन्हात वरून स्पष्ट दिसत होता: पिवळसर अंग, काळे ठिपके, उजव्या कानाला खाच, कपारीला पंजे रोवून वर बघणारा. साहेबांनी तक्ता सोबत आणला होता. त्यांनी खाली पाहिलं, तक्त्यात पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. अंग ओलं. अधिवास पाणी. भिजल्यामुळे डोकंही जरा चपटं दिसत होतं. कक्षाच्या इतिहासात प्रथमच एका प्राण्याचे दोन्ही रकाने जुळले, आणि मी नोंद केली: पाणमांजर, निश्चित. गावकऱ्यांनी दोरांना खाट बांधून खाली सोडली, तो त्यावर चढला, वर आला, आणि सगळ्यांच्या देखत केळीत निघून गेला. पाणमांजरासाठी पिंजऱ्याची तरतूद नसल्यामुळे आम्हाला काही करता आलं नाही.

अर्ज बंद करण्यासाठी अर्जदाराचा अंगठा लागतो, म्हणून मला इस्पितळात पाठवलं. पार्वताबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा अंगठा आता नव्हता, डावा चालेल असं मी पत्रात आधीच घालून आणलं होतं. पायाशी चांद बसला होता, डबा घेऊन आलेला. सुगराबीने खिचडी पाठवली होती. बाईंनी कागद हातात घेतला नाही. त्या म्हणाल्या, “चांदच्या कागदावर बिबट्या हाये. माह्या कागदावर काऊन नाही?”

या प्रश्नाला नियमात उत्तर आहे का, ते मी शोधतो आहे. चांदने डब्याच्या झाकणात थोडी खिचडी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. तुटलेल्या दातांमुळे त्याचा उच्चार बदलला आहे, पण नाव त्याने नीट घेतलं. म्हणाला, “खा तनवीर. अम्मीने तुझ्यासाठीपण दिलीय.”

मी खाल्ली. घास गिळताना मला माझी लाज वाटली, आणि तशी ती वाटली हे इथे लिहून ठेवतो, कारण नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही. नशिराबादला चांदच्या घरापासून तिसरं दार माझं. तो मांजा आम्ही दोघांनी मिळून ओढला होता. दाढी मी रोज सकाळी घोटून करतो, शर्ट कडक इस्त्रीचा घालतो, घर जळगावात घेतलंय. साहेब दर दोन-तीन महिन्यांनी कौतुकाने म्हणतात, भाऊसाहेब, तुमच्याकडे बघून वाटत नाही हो. मी दरवेळी हसतो आणि आभार मानतो.

एवढं झाल्यावर वाचकांकडे एक छोटं काम आहे. तुम्ही पहिल्या ओळीपासून माझ्याबरोबर आहात, आणि नाव कळण्याआधी तुम्ही मलाही कुठल्यातरी ओळीत बसवलं असेलच. रूप: मराठी शुद्ध, अक्षर चांगलं. अधिवास: शासकीय कार्यालय. दोन्ही रकाने जुळले होते. तेव्हा तुम्ही मला कोण समजत होता ते एका कागदावर लिहून कक्षाकडे पाठवा. आणि नाव वाचल्यावर, मी चांदबद्दल जे सांगितलं ते खरं असेल का, अशी शंका एकदा जरी चाटून गेली असेल, तर तीही लिहा. कागदावर तुमचं नाव नको, गावही नको. तुम्हाला आम्ही ओळखतो.